गोळीची खरी किंमत

गतवर्षीं शिर्डीच्या बसस्थानकावर आमचा एक जुना विद्यार्थी भेटला. सामान वाहून त्याची पाठ धरली होती. डॉक्टरांनीं पांच दिवसांपुरत्या ट्रामाडोलच्या गोळ्या लिहून दिल्या. पांच दिवस सरले, पण गोळी सुटली नाहीं. चिठ्ठीवांचून तो ती चोरून घेऊं लागला. विकणाऱ्यानें आधीं छापील किंमत घेतली, मग दुप्पट, पुढें चौपट. गरज ओळखून भाव चढत गेला. ‘आईच्या औषधाला’ म्हणून त्यानें मागितलेले दोनशें रुपये आम्हींच दिले होते, हें आठवून आजही मान खालीं जाते.

हें औषध अफूप्रमाणें काम करतें. मात्रा वाढली कीं झटके येतात, श्वास मंदावतो. त्यांत दारू वा झोपेची गोळी मिसळली तर प्राणावर बेततें. म्हणूनच २०१८ सालीं सरकारनें ट्रामाडोल अमली पदार्थांच्या कायद्याखालीं आणलें.

विद्यार्थ्यांनो, चिठ्ठीवांचून असली गोळी घेऊं नका. पालकहो, मूल त्यांत सांपडलेंच तर घराबाहेर घालूं नका. गोळीही एकाएकीं न तोडतां त्याला डॉक्टरांकडे न्या. आमचा विद्यार्थी आतां सरकारी रुग्णालयांत उपचार घेत आहे. दर आठवड्यास आम्ही त्याच्यासोबत जातों. त्या दोनशें रुपयांची फेड आम्हांस अशीच करावयाची आहे.