बाळंतपणाचं इंजेक्शन फ्रीजमध्ये का ठेवतात?

"डॉक्टर, इंजेक्शन कशाला? गोळी द्या की." गरोदर सुनेला तपासायला घेऊन आलेल्या एका मावशींनी परवा विचारलं. प्रश्न रास्त आहे.

बाळ जन्मल्यावर रक्तस्राव आटोक्यात राहावा म्हणून आईला ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन देतात. ऑक्सिटोसिन म्हणजे ९ अमिनो आम्लांची छोटी साखळी, म्हणजेच पेप्टाइड. गोळी करून दिली, तर डाळीतल्या प्रथिनांसारखी पोट तीही पचवून टाकेल.

प्रयोगशाळेत ही साखळी १९५३ मध्ये जोडली गेली. पण एकेक कडी जोडल्यावर माल शुद्ध करावा लागे आणि दर वेळी थोडा वाया जाई. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या ब्रूस मेरिफिल्ड यांनी सोपी युक्ती काढली. पहिलं अमिनो आम्ल प्लास्टिकच्या बारीक दाण्याला जोडायचं, त्याला दुसरं, मग तिसरं. मधे उरलेली रसायनं धुऊन टाकायची. साखळी दाण्याला धरून राहते. पूर्ण झाली की तोडून घ्यायची. गजरा करताना दोऱ्याचं टोक पायाच्या अंगठ्याला अडकवतात ना, तसंच. या कामासाठी १९८४ चं नोबेल मिळालं. आज कितीतरी पेप्टाइड औषधं अशीच बनतात.

पण इतक्या निगुतीने जोडलेली साखळी उन्हात बिघडते.

नव्वदच्या दशकात मी बीड जिल्ह्यातल्या एका आरोग्य केंद्रात होतो. मे महिना, भारनियमन. ऊसतोडीहून परतलेली एक मुलगी बाळंत झाली. वार पडली, इंजेक्शन दिलं, तरी रक्त थांबेना. गर्भपिशवी सैलच. सिस्टर पोट चोळत राहिल्या. अँप्यूल खिडकीजवळच्या कपाटातलं होतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. लसींच्या फ्रीजमधलं दुसरं आणून दिलं. काही मिनिटांत पिशवी आवळली. पहिलं उन्हानेच निकामी झालं होतं, असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण त्यानंतर कपाटातलं ऑक्सिटोसिन मी कधी वापरलं नाही.

म्हणून सांगतो:

• हे औषध २ ते ८ अंश तापमानात ठेवायचं असतं. बाहेरून आणायला सांगितलं, तर बर्फात आणा.

• कळा लवकर याव्यात म्हणून घरी कुणाकडूनही ते टोचून घेऊ नका. गर्भपिशवी फाटू शकते, बाळ दगावू शकतं.

• बाळंतपण दवाखान्यातच करा. घरी आल्यावर अंगावरून जास्त जाऊ लागलं, तर सकाळची वाट पाहू नका.