मोहने ते कोसबाड : इयत्तेपलीकडची शाळा

मोहने म्हटले की जुन्या माणसांना एन.आर.सी. आठवते. आंबिवली स्टेशनजवळचे, उल्हास नदीकाठचे हे कामगारांचे गाव. रेयॉनच्या या कारखान्यावर इथल्या चुली पेटत. 2009 साली कारखाना बंद पडला आणि पाळीवर जाणारे हात बिगारी, वॉचमनकी, रिक्षा अशा मिळेल त्या कामाला लागले. काही कुटुंबे गावी गेली, काही परत आली. या जाण्यायेण्यात मुलांची शाळेची वर्षे मोडली. वयाने पाचवीतला मुलगा, वाचन दुसरीचे. हिशेब मात्र बापाच्या भाजीच्या गाडीवर पक्का झालेला. त्याला बसवायचे कुठल्या इयत्तेत?

हा प्रश्न मनात घेऊन आम्ही काही कार्यकर्ते कोसबाडला गेलो. कल्याण, दादर, विरार असे गाड्या बदलत डहाणू रोड गाठायचे, पुढे चिकूच्या वाड्यांमधून टेकडीकडे. 2014 साली पालघर वेगळा होईपर्यंत मोहने आणि कोसबाड एकाच ठाणे जिल्ह्यात होते. पण आपल्यापैकी किती जणांनी ही टेकडी पाहिली आहे?

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम सुरू केले. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी. 1950 च्या दशकात काम कोसबाडला आले. इथली वारली मुले दिवसभर गुरांमागे असत. शाळेसाठी गुरे सोडणे त्यांच्या घरांना परवडणारे नव्हते. मग शिक्षकच कुरणावर गेले. ती कुरणशाळा. शिंपले, खडे, बिया, पाने हेच शिकवण्याचे साहित्य. मुलाने शाळेच्या मापात बसावे, असा हट्ट तिथे नव्हता. शाळाच मुलाच्या दिवसात बसवली गेली.

हा विचार पुढे सरकारदरबारीही पोचला. 1964-66 च्या कोठारी आयोगाने सुचवले होते की पहिली-दुसरी, आणि जमेल तिथे चौथीपर्यंतचे वर्ग, एकच सलग टप्पा मानावा. मुलाने आपल्या गतीने तो पार करावा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत नापास करणे थांबवले. पण अनेक ठिकाणी घडले ते एवढेच की मूल वर सरकले, वाचन खालीच राहिले. 2019 च्या दुरुस्तीनंतर आता पाचवी आणि आठवीत पुन्हा नापासाची तरतूद आली आहे. न शिकवता पुढे ढकलणे आणि न शिकवता मागे ठेवणे, दोन्हींत नुकसान मुलाचेच.

इथे आपल्या समाजाने सावध राहावे. ‘ज्याची त्याची गती’ हा शब्द गोड आहे. पण ‘यांची गतीच एवढी’ असे म्हणत आपल्या मुलांना मागच्या बाकावर सोडून देण्यासाठीही तो वापरता येतो. 12 मार्च 1927 रोजी मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी हिशेब मांडला होता : शंभरातली अठराच मुले चौथीपर्यंत पोचतात, 82 पुन्हा निरक्षरतेत जातात. शाळेत आलेले मूल कायमचे साक्षर होऊनच बाहेर पडले पाहिजे, ही त्यांची मागणी होती. म्हणजे गती मुलाची असो, मुक्काम मात्र सर्वांचा एकच. तिथे पोचवण्याची जबाबदारी शिकवणाऱ्याची.

वस्तीत संध्याकाळचे अभ्यासवर्ग चालतात, तिथे हे उद्यापासून करता येईल. इयत्तेप्रमाणे रांगा लावू नका. अक्षरे, शब्द, वाक्य, गोष्ट असे वाचनाचे गट करा. गणिताचे गट वेगळे. वाचनात मागे असलेला मुलगा गणितात पुढच्या गटात बसू द्या, त्याची मान ताठ होईल. प्रत्येक मुलाचे वहीत एक पान ठेवा : आज काय येते, पुढचे काय, कोणत्या तारखेला आले. मुलगा गावी जाऊन तीन महिन्यांनी परतला, तर त्याच पानापासून सुरुवात करा. जे पान महिनाभर कोरे राहील, त्या घरी शिक्षकाने स्वतः जावे. याला इमारत किंवा देणगी लागत नाही. वही, पेन्सिल आणि रोजचा एक तास पुरतो.

पदवीधर तरुण-तरुणींनी हा तास द्यावा, आणि आईबापांनी ‘कितवीत आहेस?’ऐवजी ‘आज काय वाचलेस?’ असे विचारावे.