नान्सीच्या विहीणबाईंची कीश

पॅरिसच्या पूर्वेकडील रेल्वे-स्थानकातून निघालेली वेगवान गाडी दीड तासात नान्सीस पोहोचते. तेवढ्या वेळात बेळगावहून निघालेली आमची गाडी फार तर लोंढ्याच्या रानात शिरते. प्रवास असा अल्प असूनही तो करावयास आम्हां उभयतांना चार वर्षे लागली, हे प्रारंभीच सांगून टाकलेले बरे. आमच्या कन्येने नान्सीच्या एका तरुणाशी विवाह केला, तेव्हा आम्ही तिकडे गेलो नव्हतो. ‘सौ.ची प्रकृती ठीक नाही, पोटाचा विकार बळावला आहे,’ असे कळविले होते. पोटाला काही झाले नव्हते. झाले होते ते मनाला, आणि मनाचा विकार पत्रात लिहिता येत नाही.

नान्सी हे लॉरेन प्रांताचे जुने राजधानीचे शहर. पोलंडची गादी गमावलेला राजा स्तानिस्लास हा फ्रान्सच्या पंधराव्या लुईचा सासरा. जावयाने १७३७ साली सासऱ्याला लॉरेनची जहागीर दिली, ती त्याच्या मृत्यूनंतर फ्रान्समध्ये विलीन व्हावी या अटीवर. आणि १७६६ साली तसे घडलेही. या राजाने १७५२ ते १७५५ या काळात बांधविलेला चौक आज त्याच्याच नावाने ओळखला जातो. वास्तुरचना एमान्युएल एरे याची आणि सोनेरी मुलामा दिलेली लोखंडी जाळीदार द्वारे झां लामूर याची. १९८३ पासून हा चौक जागतिक वारशाच्या यादीत आहे. सायंकाळच्या उन्हात ती द्वारे उजळतात तेव्हा लोखंड इतके नाजूक होऊ शकते यावर विश्वास बसत नाही. आम्ही तेथे पाऊण तास बसून होतो. खरे सांगावयाचे तर दुसऱ्या दिवशीचे भोजन विहीणबाईंकडे होते, आणि त्या विचारापासून दूर राहण्यास तो चौक बरा होता.

या प्रांताचे प्रसिद्ध पक्वान्न म्हणजे कीश. मैद्याच्या खुसखुशीत पारीत अंडी, साय आणि डुकराच्या खारवलेल्या मांसाचे बारीक तुकडे घालून भट्टीत भाजलेला हा पदार्थ. अंडे आमच्या घरात कन्येच्या बालपणी डॉक्टरांच्या आग्रहाने आले आणि राहिले. मांसाला मात्र मज्जाव. ‘पोट बिघडले आहे म्हणून सांगू,’ असे सौ.ने रात्रीच ठरवून ठेवले होते. एकदा उपयोगी पडलेले निमित्त माणूस सहसा टाकून देत नाही.

विहीणबाई सत्तरीच्या, ठेंगण्या, हाताने चपळ. स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक काळाकुट्ट झालेला कीशचा साचा टांगलेला होता. मेजावर मात्र दुसराच, कोरा, चकाकणारा. जावयाने सहज सांगितले, ‘‘जुन्यात तीस वर्षे मांस शिजले आहे. तुमच्यासाठी आईने काल नवा आणला.’’ साच्याच्या कडेला दुकानाच्या चिठ्ठीचा डिंक अजून चिकटलेला होता. सौ. तो डिंक बराच वेळ पाहत राहिली. पोटाचा विषय तिने काढला नाही.

मांसाऐवजी त्यांनी भाज्या घातल्या होत्या. मुख्य भाजी पोअरो. तिला आमच्या पातीच्या कांद्याचा धिप्पाड थोरला भाऊ म्हणावे. सोबत गाजर आणि थोडा पालक. चीज मुळीच नाही. अस्सल लॉरेनी कीशमध्ये चीज पडत नाही आणि ते घालणाऱ्या पॅरिसकरांविषयी विहीणबाईंचे मत, कन्येने भाषांतर करताना बरेच सौम्य केले असावे. भाज्यांच्या या पदार्थाला ‘कीश लॉरेन’ म्हणू देण्यासही त्या तयार नव्हत्या. ‘‘ही कीश आहे, लॉरेन नव्हे,’’ असे त्या बोट उचलून म्हणाल्या. पुरणपोळीत खवा भरणाऱ्यांविषयी आमच्या आजी याच आवाजात बोलत असत.

‘कीश’ हा शब्दच मुळी फ्रेंच नव्हे. केकसाठी जर्मन भाषेत जो ‘कूखन’ शब्द आहे, त्याच्या सरहद्दीवरील बोलीतील रूपाने फ्रेंच पेहराव केला आहे. १८७१ च्या युद्धानंतर लॉरेनचा मेट्झकडील भाग जर्मनीने घेतला, नान्सी फ्रान्सकडे राहिली, आणि जर्मन अंमल नको असलेली असंख्य कुटुंबे नान्सीत येऊन वसली. तो भाग १९१८ साली परतला, १९४० साली पुन्हा गेला, युद्धाअखेरीस पुन्हा आला. विहीणबाईंच्या आजीचा जन्म मेट्झचा, म्हणजे कागदोपत्री जर्मनीतला. हे ऐकताना आम्ही एकमेकांकडे पाहिले. १९५६ साली राज्यांच्या रेषा बदलल्या तेव्हा बेळगावच्या घराघरांतून काय बोलणे चालले, हे आमच्या वडीलधाऱ्यांकडून आम्ही ऐकले आहे. आणि अडकित्ता हा शब्द कानडीतून आला म्हणून कोणी सुपारी कातरण्याचे सोडले नाही.

भोजन अर्धे झाले असता विहीणबाईंनी सौ.कडे वळून काही विचारले. कन्या क्षणभर थांबली, मग ताटाकडे पाहत म्हणाली, ‘‘त्या विचारताहेत, पोट आता कसे आहे? पोटाला जड जाऊ नये म्हणून मिरी आणि जायफळ नावालाच घातले आहे.’’

चार वर्षांपूर्वी आम्ही लिहिलेली ती ओळ या बाईंनी खरी मानून जपून ठेवली होती.

‘‘बरी आहे,’’ एवढेच सौ. म्हणाली. भांडी आवरताना मात्र ती नवा साचा पुसत उभी राहिली आणि कन्येला म्हणाली, ‘‘त्यांना सांग, मी तेव्हा आजारी नव्हते.’’ कन्येने सांगितले. विहीणबाईंनी हात पुसले, थोडक्यात काही म्हटले आणि मिराबेलची परडी पुढे केली. मिराबेल म्हणजे पिवळे, बोराएवढे, मधुर फळ. ऑगस्टअखेरीस लॉरेनच्या बाजारात त्याचीच रास असते. त्या काय म्हणाल्या हे आम्ही रात्री कन्येला विचारले. ‘‘म्हणाल्या, मग पुढच्या खेपेला मिरी नीट घालते.’’

निघताना तो साचा त्यांनी सौ.च्या पिशवीत घातला. आता वाचक-भगिनींसाठी कृती. अडीचशे ग्रॅम मैद्यात चिमूटभर मीठ आणि सव्वाशे ग्रॅम थंड, घट्ट लोणी बोटांच्या टोकांनी चोळावे. रव्यासारखे झाले की तीन-चार चमचे गार पाण्याने गोळा जमवावा. पोळीच्या कणकेसारखे तिंबू नये. तिंबल्याने पारी चिवट होते. गोळा अर्धा तास थंड जागी ठेवावा, लाटून साच्यात बसवावा, टोचे मारावेत, वर कागद घालून त्यावर वाळलेले वाटाणे पसरावेत आणि एकशे नव्वद अंशांवर पंधरा मिनिटे भाजावे. वाटाण्यांच्या भाराने पारी फुगत नाही. मग कागद काढून आणखी पाच मिनिटे.

तीन अंडी, पाव लिटर साय, मीठ, मिरी, किसलेले जायफळ, एवढे एकत्र फेटावे. या मिश्रणाला लॉरेनमध्ये ‘मिगेन’ म्हणतात. ते भाज्यांवर ओतून एकशे ऐंशी अंशांवर सुमारे पस्तीस मिनिटे भाजावे. मध्यभाग किंचित थरथरत असतानाच बाहेर काढावे. तो बाहेर आल्यावर आपोआप बसतो. अधिक भाजले तर अंडे आवळते आणि पाणी सोडते. कापण्यापूर्वी दहा मिनिटे धीर धरावा.

बेळगावात आमचा पहिला प्रयत्न पार फसला. पोअरोऐवजी पातीचा कांदा घेतला, सोबत दुधी घातला, आणि खालची पारी लापशीसारखी झाली. दूरध्वनीवर विहीणबाईंनी एकच प्रश्न केला, ‘‘भाज्यांचे पाणी?’’ भाज्या आम्ही नुसत्या वाफवून घेतल्या होत्या. त्या लोण्यावर, झाकण न ठेवता, मंद आचेवर पाणी पूर्ण आटेपर्यंत परतावयाच्या आणि निवल्यावरच भरावयाच्या. दुधीला त्यांनी रजा दिली. आमच्या छोट्या विजेच्या भट्टीत खालून आच कमी लागते, म्हणून साचा तळच्या कप्प्यात, आधी तापवलेल्या पत्र्यावर ठेवावा, हीही त्यांचीच सूचना. घरची साय फार घट्ट असेल तर थोडे दूध घालून सैल करावी. आम्ही चमचाभर दहीही घालतो, कारण तिकडची साय किंचित आंबट असते.

दुसऱ्या खेपेस ती जमली. जानेवारीत विहीणबाई बेळगावास येत आहेत. त्यांना तिखट कितपत सोसते, हे सौ.ने कन्येला विचारून घेतले आहे. मिरीबद्दल विचारण्याची गरज वाटली नाही.