‘चालतंय ना!’ हा पुरावा नाही

जुन्या यंत्राबद्दल आपल्याकडे दोन मतं ठाम असतात. पहिलं, "चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?" दुसरं, "एवढं जुनं झालंय, आतलं सगळंच बदलून टाका." ही मतं एकमेकांच्या विरुद्ध वाटतात. पण दोन्ही मतं मांडणाऱ्यांनी बहुतेक वेळा यंत्र उघडून पाहिलेलंच नसतं. तपासल्याशिवाय बोललेल्या गोष्टीला निष्कर्ष कसं म्हणायचं, हा माझा प्रश्न आहे.

हा प्रश्न माझ्या घरात आला तो एका कॉम्प्युटरमुळे. माझ्या थोरल्या भावाने १९९० च्या आसपास एक सेकंडहँड झेडएक्स स्पेक्ट्रम घेतला होता. तरुण मित्रांनी हे नाव कदाचित ऐकलं नसेल. ब्रिटनच्या सिंक्लेअर रिसर्चने एप्रिल १९८२ मध्ये हा घरगुती कॉम्प्युटर बाजारात आणला. आत झेड-८० प्रोसेसर, मेमरी फक्त ४८ के, वर रबराच्या चाळीस कळा. स्क्रीन म्हणून घरचा टीव्ही आणि प्रोग्रॅम साठवायला साधी गाण्यांची कॅसेट. भारतातही १९८६ पासून डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने त्याची परवाना घेतलेली आवृत्ती विकली. भावाकडे मात्र बाहेरून आलेला रबरी कळांचाच होता. कारखान्यातली पाळी संपवून तो रात्री त्यावर बेसिक शिकायचा. त्याने स्वतः लिहिलेले प्रोग्रॅम अकरा कॅसेटवर आहेत. भाऊ आता नाही.

गेल्या वर्षी पुतण्या म्हणाला, "काका, पप्पांचा कॉम्प्युटर एकदा लावून तर बघू. फार तर काय होईल, चालणार नाही."

"तसं नसतं रे," मी म्हटलं. "आज तो कदाचित चांगला असेल. तू प्लग लावशील आणि त्या क्षणी बिघडेल."

त्याला हे पटेना. म्हणून कारणासकट सांगावं लागलं, तेच इथे लिहितो.

स्पेक्ट्रमचा अडॅप्टर साधारण ९ व्होल्ट डीसी देतो. आतला ७८०५ रेग्युलेटर त्याचे ५ व्होल्ट करतो आणि उरलेली वीज उष्णता होऊन बाहेर पडते. पण मेमरीच्या पहिल्या १६ के साठी ज्या आठ ४११६ आयसी आहेत, त्यांना ५ व्होल्ट पुरत नाहीत. त्यांना अधिक १२ आणि उणे ५ व्होल्टही लागतात. हे दोन व्होल्टेज बोर्डावरची एक छोटी कॉइल आणि एक ट्रान्झिस्टर मिळून तयार करतात. उणे ५ गेलं आणि १२ चालू राहिलं, तर या आयसी जळू शकतात. आता या सगळ्या सर्किटमधली वीज स्वच्छ ठेवण्याचं काम कपॅसिटरचं, दुकानातल्या भाषेत कंडेन्सरचं. इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सरच्या आत द्रव असतो आणि चाळीस वर्षांत तो वाळतो. बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणजे कपाटात शांत पडलेलं यंत्रसुद्धा तुम्ही ठेवलं होतं तसं राहिलेलं नसतं.

हा एकट्या स्पेक्ट्रमचा दोष आहे का? नाही. १९८२ चाच कमोडोर ६४ घ्या. त्याच्या मूळ अडॅप्टरमधला रेग्युलेटर खराब झाला की ५ व्होल्टच्या वायरवर जास्त व्होल्टेज येतं आणि आतल्या मेमरीच्या आयसी मरतात. त्यातले बरेच अडॅप्टर आतून रेझिन ओतून बंद केलेले असतात, त्यामुळे दुरुस्तीही अवघड. बीबीसी मायक्रो, जो १९८० च्या दशकात ‘क्लास’ प्रकल्पातून भारतातल्या शाळांमध्ये आला, त्याच्या पॉवर सप्लायमधल्या फिल्टर कंडेन्सरच्या आवरणाला तडे जातात, आत दमट हवा शिरते आणि कित्येक वर्षांनी वीज दिली की धूर निघतो. अमिगा ५०० प्लसमध्ये तर बोर्डावरची चार्ज होणारी बॅटरी गळते आणि कॉम्प्युटर बंद असतानाही तांब्याच्या रेषा खात राहते. "हात लावला नाही म्हणजे सुरक्षित आहे" या म्हणण्याला हे एक उदाहरण पुरेसं आहे.

आता दुसरं मत. एका दुरुस्तीवाल्याने मला सांगितलं, "सगळ्या आयसी काढून नव्या टाकू, वर्षानुवर्षं बघायला नको." मी नकार दिला. जुन्या बोर्डावरून आयसी काढताना तांब्याची रेष उचलली जाण्याचा धोका प्रत्येक वेळी असतो. जी आयसी चांगली आहे ती काढून आपण नवा बिघाड विकत का घ्यायचा? कंडेन्सर बदलले, कारण ते वाळतात हे माहीत आहे, स्पेक्ट्रममध्ये ते थोडेच आहेत आणि स्वस्त आहेत. आयसी ठेवल्या, कारण त्या खराब असल्याचा काहीच पुरावा नव्हता. दोन्ही निर्णयांना कसोटी एकच लावली.

आम्ही काम कोणत्या क्रमाने केलं ते सांगतो.

पहिलं, अडॅप्टर एकटाच लावून मल्टीमीटरने मोजला. कॉम्प्युटर जोडलेला नसताना तो ९ पेक्षा बराच जास्त आकडा दाखवतो. तो रेग्युलेटेड नसल्यामुळे असं होतं, तेवढ्यावरून त्याला खराब ठरवू नये. स्पेक्ट्रमच्या पिनमध्ये मधला भाग उणे असतो. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक अडॅप्टरमध्ये तो अधिक असतो. बसतोय म्हणून कुठलाही अडॅप्टर लावू नका. आणि २३० व्होल्टची बाजू जाणकार सोबत असल्याशिवाय उघडू नका.

दुसरं, झाकण. कीबोर्डच्या खाली प्लास्टिकचा पातळ पडदा असतो आणि त्याच्या दोन पट्ट्या बोर्डात खोचलेल्या असतात. वयाने त्या ठिसूळ होतात. झाकण हिसडलं की तुटल्याच. आमच्यातली एक आधीच तडकलेली निघाली. नवे पडदे आजही तयार होतात, तो मागवला.

तिसरं, कंडेन्सर काढण्याआधी बोर्डाचे फोटो घेतले, म्हणजे अधिक-उणे उलटं होत नाही. वीज देण्याआधी ५ व्होल्टच्या लाइनवर शॉर्ट नाही ना, हे तपासलं.

चौथं, मागचा एज कनेक्टर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला. स्पेक्ट्रमला बंद-चालूचं बटणच नाही. मागे काहीही जोडायचं किंवा काढायचं तर आधी प्लग काढायचा. चालू असताना तिथे शॉर्ट झाला तर तो ट्रान्झिस्टर आणि त्यामागोमाग मेमरी जाऊ शकते.

पाचवं, कॅसेट. खरं तर सगळ्यात महत्त्वाचं हेच. यंत्र दुसरं मिळेल, भावाने लिहिलेला प्रोग्रॅम दुसरीकडे कुठेच नाही. टेपरेकॉर्डरचं हेड साफ करून प्रत्येक कॅसेट आधी लॅपटॉपवर आवाजाची फाइल म्हणून उतरवली आणि तिच्या प्रती काढल्या. अकरापैकी नऊ नीट उतरल्या. दोनमध्ये बुरशी होती. त्या अजून चालवलेल्या नाहीत, कोरड्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवल्या आहेत. उतरलेल्यांपैकी एकीत वस्तीतल्या भिशीचा हिशेब निघाला. कुणी किती भरले, कुणाचे राहिले, सगळं महिन्यावार. पुतण्या तो बराच वेळ वाचत बसला होता.

मित्रांनो, या कामाला शाबासकी मिळत नाही. बिघडलेलं यंत्र दुरुस्त करणाऱ्याचं कौतुक होतं. बिघाड होऊ न देणाऱ्याने काय केलं ते दिसतच नाही, कारण काहीच घडलेलं नसतं. म्हणून तर देखभाल टाळली जाते, आणि म्हणूनच ती लिहून ठेवायला हवी. भावाला या यंत्राची खोडी न् खोडी माहीत होती, पण एक ओळही त्याने लिहून ठेवली नाही. ते ज्ञान त्याच्याबरोबर गेलं. आम्हाला पहिल्यापासून शिकावं लागलं.

आता डब्यात एक शंभर पानी वही आहे. तारीख, मोजलेलं व्होल्टेज, काय बदललं, का बदललं, कुणी बदललं. पुढची तपासणी पुतण्या करणार आहे आणि मी फक्त शेजारी बसणार आहे. तुमच्या घरात, वाचनालयात, शाळेच्या अडगळीत असं एखादं यंत्र असेल तर प्लग लावण्याआधी त्याचा दुबळा भाग कोणता ते शोधा, मोजा आणि मोजलेलं लिहा. मग कुणी विचारलं "चालतंय का?" तर वही पुढे करा.