लुब्यांकाचा मोकळा चौक

मॉस्कोत उतरलेल्या प्रवाशाने प्रथम तांबडा चौक पाहावा, असा प्रघात आहे. आम्ही मात्र आरंभ केला तो तगान्स्काया नावाच्या भुयारी स्थानकापासून. कारण मराठीच होते. तेथून जवळच परदेशी साहित्याचे एक मोठे ग्रंथालय आहे आणि तेथे २०२२ च्या सप्टेंबरात अण्णाभाऊ साठे यांचा पुतळा बसविण्यात आला. १९६१ साली हा देश पाहून ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिणाऱ्या अण्णाभाऊंना वंदन करूनच पुढे जावे, असा आमचा संकल्प होता.

परंतु स्थानकातच आम्हांस थबकावे लागले. समोर भिंतीवर स्टालिन उभा होता, आणि त्याच्याभोवती कृतज्ञ मुद्रेची माणसे. मूळ शिल्प १९६० च्या दशकात हलविण्यात आले होते. त्याची ही प्रतिकृती २०२५ च्या मे महिन्यात पुन्हा लावण्यात आली. तेव्हा काहींनी येथे फुले वाहिली, काहींनी निषेध नोंदविला. आमच्याबरोबर एक वयोवृद्ध बाई होत्या. सोव्हिएत काळात त्यांनी शाळेत हिंदी शिकविली होती आणि आमचा संवाद त्याच भाषेत चाले. त्यांचा तरुण भाचाही सोबत होता. त्याने शिल्पाकडे पाठ फिरविली. आजीबाई मात्र क्षणभर पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “माझ्या आजोबांना याच्याच राज्यात, १९३७ साली, गोळी घातली.”

अण्णाभाऊंपुढे आम्ही हात जोडले. त्यांनी डोळे भरून पाहिलेला तो देश आता नकाशावर नाही. लहानपणी मॉस्कोत छापलेली गुळगुळीत कागदाची मराठी पुस्तके आम्ही वाचली, तीही त्याच देशाची. तो गेला याचे दुःख करावे की समाधान मानावे, हा प्रश्न आम्ही सहज विचारला आणि एका घरातले भांडण आमच्यासमोर उघडे झाले.

“आम्ही तो देश घालविला, आणि घालवायला मीही गेले होते,” आजीबाई म्हणाल्या. १९९१ च्या ऑगस्टात जुन्या राजवटीच्या कैवाऱ्यांनी सत्ता बळकावू पाहिली, तेव्हा येल्त्सिन रणगाड्यावर चढून बोलले. त्या संसदभवनाभोवती रात्रभर पहारा देणाऱ्या हजारोंत आजीबाई होत्या. त्या धामधुमीत तीन तरुण मेले. पुढे २५ डिसेंबरला गोर्बाचेव्ह पायउतार झाले आणि क्रेमलिनवरचा लाल ध्वज उतरला. २ जानेवारी १९९२ पासून बहुतेक वस्तूंच्या किमतींवरील सरकारी बंधने उठली. त्या एका वर्षात किमती पंचवीसपटींहून अधिक वाढल्या. “आईने उत्तरक्रियेसाठी साठविलेल्या पैशांत पुढे पाव घेतले. १९९१ च्या मार्चमध्ये सार्वमतात नऊ प्रजासत्ताकांतल्या बहुसंख्य लोकांनी संघराज्य टिकावे म्हणून मत दिले होते. आम्हांला कोणी विचारले?”

भाचा हळू आवाजात म्हणाला, “सहा प्रजासत्ताकांनी ते सार्वमत घेतलेच नाही, मावशी. त्यांनाही कोणी विचारावे की नाही? आणि दुकाने तर त्याआधीच रिकामी होती.”

हा वाद केवळ इतिहासाचा नव्हे, हे आम्हांस लवकरच उमगले. संघराज्याचे विघटन ही शतकातील सर्वांत मोठी भूराजकीय आपत्ती, असे पुतीन २००५ साली म्हणाले. आजीबाईंसारख्यांचे खरे दुःख राज्यकर्त्यांनी असे आपल्या झेंड्याखाली घेतले. विरोधकांपाशी त्या दुःखाला उत्तर काय, यावर त्यांच्यातच एकमत नाही. नाव्हाल्नी १६ फेब्रुवारी २०२४ रोजी उत्तर ध्रुववृत्तापलीकडच्या तुरुंगात मरण पावले. त्यानंतर दोनच महिन्यांनी त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘गद्दार’ या अर्थाच्या नावाचा चित्रपट प्रसिद्ध केला. पुतीनशाहीची पायवाट १९९० च्या दशकातील सत्ताधीशांनी आणि धनाढ्यांनीच घातली, असे त्याचे सांगणे. परदेशी गेलेल्या इतर विरोधकांना ते झोंबले: स्वातंत्र्य लाभलेल्या एकमेव दशकाला दूषणे देऊन शत्रूचेच काम सोपे होते, असे त्यांचे म्हणणे. देशातच राहून युद्धविराम मागणाऱ्या ‘याब्लोको’ पक्षाची वाट आणखी निराळी. आणि संसदेत विरोधी म्हणविणारे कम्युनिस्ट तर युक्रेनवरील युद्धाचे समर्थक!

“तो चित्रपट मी पाहिला,” आजीबाई म्हणाल्या. “प्रथमच त्या मुलांनी माझ्या आईच्या पैशांविषयी विचारले.” भाचा गप्प राहिला.

दुपारी आम्ही लुब्यांकाच्या चौकात आलो. गुप्त पोलिसांची ती पिवळी इमारत अजून तशीच आहे. तिच्यासमोर १९५८ पासून त्या दलाचा संस्थापक झेर्झिन्स्की उभा होता; २२ ऑगस्ट १९९१ च्या रात्री त्याला क्रेनने उतरविले, आणि आता तो क्रिमियन पुलाजवळच्या बागेत इतर पदच्युत पुतळ्यांत उभा आहे. येथे त्यालाच परत आणावे की अलेक्सांद्र नेव्हस्कीला उभे करावे, यावर २०२१ च्या फेब्रुवारीत नागरिकांचा कौल घेण्यास प्रारंभ झाला. दुफळी दिसताच महापौरांनी तो थांबविला. स्मारकाने माणसे जोडावीत, तोडू नयेत, असे कारण दिले. चौक मोकळाच राहिला. आम्हांस तर वाटले, या नगरीतील सर्वांत खरे स्मारक ही रिकामी जागाच असावी.

चौकालगतच्या बागेत एक ओबडधोबड शिळा आहे. सोलोव्हेत्स्की बेटांवरील छळछावणीच्या भूमीतून ‘मेमोरियल’ या संस्थेने ती आणविली, ३० ऑक्टोबर १९९० रोजी, म्हणजे सोव्हिएत सत्ता हयात असतानाच. तीच संस्था २०२१ च्या डिसेंबरात न्यायालयाच्या आदेशाने बंद झाली आणि पुढच्याच वर्षी शांततेच्या नोबेल पारितोषिकाची एक मानकरी ठरली. शिळा मात्र आपल्या जागी आहे. नाव्हाल्नी गेल्याची वार्ता आली, तेव्हा लोकांनी फुले आणली ती येथेच.

आजीबाईंनी पिशवीतून लाल फुले काढली. मृतांना तेथे सम संख्येने फुले वाहतात. त्यांनी दोन आजोबांसाठी ठेवली. मग आणखी दोन काढून भाच्याच्या हाती दिली. कोणासाठी, ते बोलल्या नाहीत. त्याने ती शिळेपाशी ठेवली आणि मावशीचा हात धरून तिला उठविले.

सोव्हिएत राज्य जावे की न जावे यावर या दोघांचे कधी जुळणार नाही, असे आम्हांस वाटते. परंतु त्या शिळेपाशी दोघांना एकत्र वाकलेले आम्ही पाहिले आहे.

परतीच्या बसमध्ये वाद पुन्हा सुरू झाला. फक्त, मागे कोणी येऊन बसले की दोघेही खिडकीबाहेर पाहू लागत.