चाकणचा रस्ता आणि डिझेलची पारख

चिंचवडास पवनेच्या कांठीं मोरया गोसावींच्या समाधीचें दर्शन घेऊन भोसरी-मोशीवरून इंद्रायणी ओलांडली, कीं नाशिकच्या रस्त्यावर चाकण लागतें. इ. स. १६६० त फिरंगोजी नरसाळ्यानें शाएस्तेखानाच्या फौजेस सुमारें दोन महिने दाद दिली नाहीं, तो संग्रामदुर्ग येथलाच. कांद्याच्या बाजारासाठीं नांवाजलेल्या या गांवाच्या आसपास आतां मोटारींचे कारखाने पसरले आहेत. डिझेलवर चालणारी इंडिका १९९८ सालीं पिंपरीच्या कारखान्यांतून पुढें आली; २००९ त चाकणास जर्मन कारखानेही सुरू झाले. गाडी येथें घडते, परंतु मुलांमाणसांसह दूरच्या प्रवासास निघाल्यावर तिला जें तेल मिळावयाचें, तें वाटेवरच्या पंपाच्या स्वाधीन असतें.

डिझेलच्या यंत्राचा मूळचा लौकिक असा, कीं तें वाटेल तें पचवितें. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनांत असें एक यंत्र भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविलें होतें. आजचें एंजिन इतकें सोशिक नाहीं. त्याच्या धुराच्या नळींत काजळी अडविणारी गाळणी व विषारी वायु निवविणारीं रासायनिक द्रव्यें बसविलेलीं असतात; तेलांतील गंधक त्यांचा वैरी. गाडी लगेच थांबत नाहीं; पण वारंवार गंधकयुक्त तेल पोटांत गेल्यास हीं द्रव्यें निकामी होतात आणि गाळणी लौकर तुंबते.

२०१० सालीं मुंबई, पुणें, सोलापूर धरून देशांतील १३ शहरांना दशलक्षांत फार तर ५० भाग गंधक असलेलें डिझेल मिळूं लागलें. अन्यत्र ही मर्यादा ३५० होती. पुण्याहून निघालेल्या नव्या गाडीस पहिली टाकी संपली, कीं सातपट गंधकाचें तेल घेणें भाग पडे! १ एप्रिल २०१७ पासून सर्व देशांत ५० ची, आणि १ एप्रिल २०२० पासून १० ची मर्यादा लागू झाली. प्रवाशाची ती जुनी विवंचना मिटली.

मात्र नियम शुद्ध असला म्हणून तेल शुद्ध असतेंच असें नाहीं. रॉकेलची भेसळ हा आपल्याकडील जुना रोग आहे. २५ जानेवारी २०११ रोजीं मनमाडजवळ तेलाची चोरी व भेसळ करणाऱ्यांस पकडण्यास गेलेले मालेगांवचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांस जिवंत जाळण्यांत आलें. आपल्या टाकींत पडणाऱ्या निर्मळ तेलामागें असे प्राणही खर्ची पडले आहेत, हें सुज्ञ वाचकांनीं विसरूं नये.

म्हणून गृहस्थानें प्रवासांत थोडी दक्षता बाळगावी. ज्या पंपावर मालमोटारींची वर्दळ असते, तेथें तेल फार दिवस सांठून राहत नाहीं, तेथेंच भरावें. निर्जन मुलखांत शिरण्यापूर्वीं टाकी पुरी करावी. मापाचा संशय आल्यास पांच लिटरच्या मापानें मोजून मागावें; घनताही विचारावी. विचारण्यांत संकोच कसला? तो ग्राहकाचा हक्कच आहे. कित्येक नव्या गाड्यांना डिझेलखेरीज युरियाचें द्रावणही लागतें. त्यांत शेंकडा साडेबत्तीस युरिया व बाकी शुद्ध पाणी असतें. तें संपलें, तर बहुधा बंद केलेली गाडी पुन्हां सुरू होत नाहीं; यास्तव एक डबा सोबत असावा. तें चुकूनही डिझेलच्या टाकींत ओतूं नये.

चाकणच्या कारागिरांनीं यंत्र कितीही नेटकें घडविलें, तरी त्याचें आयुष्य वाटेवरील अनोळखी पंपवाल्याच्या सचोटीवर अवलंबून राहतें. ती सचोटी प्रश्न विचारणाऱ्या गिऱ्हाइकाच्या जागरूकतेनेंच टिकावयाची आहे.