कानले बांध

जानेवारीतली पहाटेची धुळे-चोपडा एस.टी. तापीचा पूल ओलांडून पुढे गेली आणि खिडकीच्या फटीतून धूर आत आला. केळीच्या बांधावर पेटवलेल्या ओलसर पाचोळ्याचा. हात आपसूक रुमालाकडे गेला. कान बांधून झाले तेव्हा ध्यानात आलं, या हिवाळ्यात मायचा फोन आला नाही. ती दिवाळीआधीच गेली.

"पोरी, कानले बांध. आंगमा थंडी भरी जाई." धुळ्याचा पारा पाच-सहा अंशांवर उतरल्याची बातमी आली की हे ठरलेलं. ताप असो, पोट बिघडो, सांधा धरो, थंडीच बाधली.

आणि मला दिसतात ते आबांचे पाय. शेतीची लाईट रात्री यायची, म्हणून केळीच्या कांदेबागेला पाणी भरायचं तेही रात्रीच. विहिरीचं पाणी पहाटे कोमट येतं, सरीतून वाफा निघतात. पाय पाण्यात आहेत तोवर ऊब. बांधावर आलं की सातपुड्याकडचा वारा ओल्या पोटऱ्यांना झोंबतो. एका पहाटे आबा आले, चुलीपुढे बसले आणि बोलेचनात. गुडघ्यापर्यंत चिखल, दात वाजत होते. मायनं तव्यावर ओवा गरम केला, पुरचुंडी बांधली आणि छाती शेकत राहिली. मी दप्तर घेऊन दारात उभी.

पाचव्या दिवशी न्यूमोनिया निघाला. तालुक्याच्या डॉक्टरांना माय म्हणाली, थंडी भरली. ते हसले. "थंडीनं काही होत नसतं बाई, जंतूंनी होतं." मायनं पदर सावरला आणि मान खाली घातली. आबा त्यांच्याच औषधानं उठले, ते उपकार मी विसरलेली नाही. ते हसणं मात्र मी आजवर माफ केलेलं नाही.

पुढे शिकले तेव्हा लुई पाश्चरच्या कोंबड्या भेटल्या. सन 1878. कोंबडीला काळपुळी सहसा होत नाही, तिचं अंगच गरम. पाश्चरनं जंतू टोचून तिला गार पाण्यात ठेवलं, तर ती मेली. दुसरी वेळीच बाहेर काढून उबेला ठेवली, ती जगली. मग इंग्लंडात सॉल्झबरीला 1946 पासून सर्दीवर प्रयोग झाले. ओल्या अंगानं माणसं वाऱ्यात उभी केली. त्यांना जास्त सर्दी झाली नाही. डॉक्टरांचं म्हणणं अशाच प्रयोगांवर उभं असणार. पण 2005 मध्ये कार्डिफला 90 जणांनी वीस मिनिटं पाय गार पाण्यात ठेवले आणि 90 जणांनी कोरडे. चार-पाच दिवसांत पहिल्यांतल्या 13 जणांनी सर्दी झाल्याचं सांगितलं, दुसऱ्यांतल्या 5 जणांनी. गार पाण्यात पाय! वाचताना मला चूल दिसली. दहा वर्षांनी येल विद्यापीठात उंदरांच्या श्वासमार्गातल्या पेशींवर दिसलं, की नाकाइतक्या गारव्यात, 33 अंशांना, पेशींचा प्रतिकार मंदावतो आणि सर्दीचा विषाणू जोमानं वाढतो.

म्हणजे जंतू हवाच. पण गारठलेलं अंग त्याला पुरं पडत नाही. माय एवढंच तर म्हणत होती.

केळीला तर जंतूही लागत नाही. पारा दहाच्या खाली गेला की पानं पिवळी पडतात, नवं पान सुटत नाही, घड अडकतो. चरका बसला म्हणतात. त्यासाठी रात्री धूर करतात, पाणी देतात. थंडीनं केळी आजारी पडली असं सांगणाऱ्या शेतकऱ्याला कुणी हसत नाही. केळीसाठी रात्रभर गारठ्यात उभ्या राहणाऱ्या माणसाबद्दल त्याची बायको तेच बोलली, तर तिला हसतात.

चोपड्याला गाडी बदलून अडावदच्या पुढे उतरले. घरी भाचा स्वेटर चढवत होता. आता ठिबक आलंय, चिखलात उभं राहावं लागत नाही, तरी या आठवड्यात लाईट रात्रीचीच, आणि फ्यूज उडाला की जावंच लागतं. रात्री साडेबाराला तो बॅटरी घेऊन निघाला. मी चूल पेटवली, तवा ठेवला. वहिनीनं दोन फडताळं उपसली. ओव्याचा डबा काही सापडेना. माय तो कुठे ठेवायची, कुणालाच ठाऊक नव्हतं.